सावरीवरची मोजणी

पक्षी मोजायला बसलं की पक्षी उडून जातात आणि किस्से मागे राहतात. आमच्या ग्रुपवर फेब्रुवारीतल्या चार दिवसांचे आकडे टाकून होतात पाच मिनिटांत, "त्या दिवशी काय झालं माहितीये का?" हे मात्र पुढच्या फेब्रुवारीपर्यंत चालतं. यंदाचे जरा जास्तच साठलेत, म्हणून लिहून काढतेय.

आधी माणसं सांगते. मुळशीत जिथे कुठे आपलं अंगण किंवा बाग आहे, तिथे बसून येणारे-जाणारे रानपक्षी मोजायचे, एवढंच आमच्या ग्रुपचं काम. मारुंजीचा तेजस आयटीवाला. तळमजल्यावरच्या फ्लॅटला सतरंजीएवढी बाग. माले गावचे कुलकर्णी काका बँकेतून निवृत्त झालेले. बंगला, चिकू, आंबे. त्यांच्या शेजारच्या हौसाक्का मूळच्या तिथल्याच. घर, गोठा, भाताची खाचरं आणि अंगणात एक जुनी काटेसावर. चौथी मी, मृणाल. पर्यावरणशास्त्रात एमएस्सी केलंय, मारुंजीलाच दुसऱ्या सोसायटीत बागेविना राहते, पिरंगुटला नोकरी करते, आणि काकांच्या मते "ही मुलगी कायम गाडी चुकल्यासारखी वागते."

यंदा घाई होतीच, कारण ती सावर जाणार होती. हौसाक्कांच्या मुलाला, नितीनला, त्या जागी शनिवार-रविवारच्या पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या. मोजणी रविवारी संपणार आणि झाड तोडणारी माणसं सोमवारी येणार. मी वनखात्याकडे तक्रार करायचा विषय काढला तशा हौसाक्का कडाडल्या, "माझ्या लेकाच्या नावानं कागुद केलास तर ह्या दारात पाय ठिवायचा न्हाई!"

मग उरले चार दिवस आणि दोन दुर्बिणी. सावरीवर इतके पक्षी मोजून दाखवायचे की नितीनला करवत चालवायची लाज वाटली पाहिजे, असा माझा प्लॅन होता.

*

पहिल्या दिवशी मी आणि काका त्यांच्या कुंपणाशी उभे. माझ्या डोळ्याला दुर्बीण, काकांच्या हातात पॅड. एक मोटरसायकल थांबली.

"काय मोजताय?"

"पक्षी."

त्या माणसानं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि लांब जाऊन फोन लावला. थोड्या वेळात चार मोटरसायकली आल्या. शेवटच्या मोटरसायकलवर मागे एक म्हातारबाबा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला सातबारा!

मी समजावून सांगितलं. फक्त पक्षी, जमिनीशी संबंध नाही, रस्त्याशी नाही, कुठल्याच साहेबाशी नाही. बाबांनी शांतपणे ऐकलं.

"व्हय, समदे असंच सुरू करत्यात. आदी पाखरं मोजत्यात, मग जमीन."

बाकीचे निघून गेले, पण बाबा हलले नाहीत. तेवढ्यात समोरच्या खांबावर एक कोतवाल पक्षी येऊन बसला आणि मी तो लिहून घेतला. बाबा पुढे आले, पॅडवर बोट ठेवलं.

"ह्यो कोतवाल आमच्या हद्दीत बसलाय. तसं लिवा."

*

त्याच दुपारी तेजसचा फोन. "मृणाल, माझ्याकडे दोन नर शिंजीर! जबरदस्त फाईट चाललीये!"

शिंजीर म्हणजे फुलातला मध पिणारा, अंगठ्याएवढा, चमकदार पक्षी. विणीच्या दिवसांत नर भलताच भांडकुदळ होतो. मी म्हटलं, लिही. तासाभरानं पुन्हा फोन, "अजून चाललीये!" संध्याकाळी पुन्हा. मला शंका आली.

"तेजस, तोच तोच पक्षी पुन्हा पुन्हा धरायचा नाही. एका वेळी जास्तीत जास्त जेवढे दिसतात, तेवढेच."

"अगं, एका वेळीच दोन दिसतायत. थांब, फोटो पाठवतो."

फोटो आला. तेजसची कार, कारचा आरसा, आरशाच्या काठावर शिंजीर.

"तेजस, तो आरसा आहे."



"ओके," तेजस म्हणाला. "मग एक डिलीट करतो. दोघांतला कुठला करू?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजसच्या सोसायटीत गेले. आमची मोजणी पाहून वॉचमनकाकांपासून सगळे भलते खूश. कुणी खुर्ची आणून दिली, कुणी चहा. सेक्रेटरी मॅडम तर स्वतः टेरेसची किल्ली घेऊन आल्या. "वरती या ना, वर खूप आहेत."

मारुंजीत एवढं पक्षीप्रेम! मी सद्गदित होऊन वर गेले. वर कबुतरं. टाकीवर कबुतरं, डिश अँटेनावर कबुतरं, कठड्यावर तर पाय ठेवायला जागा नव्हती. मी इमानदारीत मोजली. खाली आले तर सी विंगच्या बायका लिफ्टपाशी रांगेत उभ्या.

"झाली मोजून?" सेक्रेटरी मॅडमनी विचारलं.

"झाली."

"छान. मग आता उचलून कधी नेणार?"

*

कुलकर्णी काकांचा विषय वेगळा. त्यांना 'अंदाजे' हा शब्द चालत नाही. काटेसावर फुलली की तिच्यावर भोरड्या येतात, साळुंकीएवढे गुलाबी-काळे पक्षी, आणि येतात ते शेकड्यांनी. सगळं जग काय करतं? दहाचा एक गठ्ठा मोजतं आणि तसे किती गठ्ठे दिसतात ते बघतं. मी हे काकांना दोनदा सांगितलं.

"म्हणजे अंदाजे?"

"हो काका."

"मी चौतीस वर्षं बँकेत काढली."

काकांनी हौसाक्कांच्या अंगणात खुर्ची टाकली. फांदी क्रमांक एकपासून सुरुवात. सातव्या फांदीपर्यंत आले की पहिल्या फांदीवरच्या भोरड्या नवव्या फांदीवर. काका पुन्हा सुरू. "अरे, जागेवर बसा ना जरा!" ते झाडाला ओरडले. हौसाक्का गोठ्यातून म्हणाल्या, "काका, हजेरी घेताय का?"

उन्हं डोक्यावर आली. भोरड्या मध पिऊन पोट भरून उडून गेल्या. काकांनी पॅडवर काहीतरी लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. मी बघितलं, तर 'भोरड्या: १'.

"काका! एक?"

"एक थवा. यात फरक निघाला तर दाखव."

*

हौसाक्कांना लिहिण्याचा कंटाळा, म्हणून त्या तोंडी सांगायच्या आणि मी टिपायचे. पहिल्याच दिवशी मी त्यांना नियम दिला होता: "पाळलेलं काही धरायचं नाही. कोंबड्या तर मुळीच नाही." आक्कांनी मान डोलावली होती.

शनिवारी उजाडता उजाडता मी त्यांच्या पडवीत बसले होते. अंगणात सात-आठ कोंबड्या भात टिपत होत्या. त्यांच्यामध्ये एक कोंबडा. करडा, मानेवर पांढुरके ठिपके, शेपूट विळ्यासारखं वळलेलं. माझा चहा सांडायचा राहिला. रानकोंबडा! जंगलात पहाटे आरव ऐकू येतो, दर्शन मात्र मोठ्या मुश्किलीनं होतं, तो हा!

"आक्का," मी कुजबुजले, "हा कधीपासून येतोय?"

"त्यो व्हय? दिवाळीपासनं. रोज सकाळी हजर."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तूच म्हनलीस, कोंबड्या न्हाई धरायच्या!"

तेवढ्यात कुत्रं भुंकलं. रानकोंबडा फडफडत थेट सावरीच्या शेंड्यावर गेला आणि तिथून डोंगराकडे. आक्का कपाळावर हात धरून बघत राहिल्या.

"आगं बया, रानातला हाय व्हय! एवढी मिजास बघून मला वाटलं, पुन्याचा असंल."

*

रविवारी संध्याकाळी मोजणी संपली. एकट्या सावरीवर चार दिवसांत पस्तीस जाती! तांबट, हळद्या, पर्णपक्षी, कुठून तरी धनेशाची जोडीसुद्धा येऊन गेली. मी यादी घेऊन नितीनसमोर उभी राहिले. नितीन अंगणात गाडी धूत होता. वाईट माणूस नाही तो. पिरंगुटच्या कंपनीत रात्रपाळ्या करून कंटाळलाय, घरी राहून काहीतरी करायचंय त्याला.

मी पस्तीसच्या पस्तीस नावं वाचली. पाईप बाजूला धरून त्यानं सगळी ऐकली.

"भारी," तो म्हणाला. "लईच हायेत की."

"मग? झाड गेलं तर हे सगळे जातील कुठे?"

"ताई, तुमी मारुंजीला कितव्या मजल्यावर ऱ्हाता?"

"नवव्या."

"तितं आदी काय होतं?"

मला माहीत नव्हतं. मागून कुलकर्णी काका म्हणाले, "आमराई होती. मी पाहिलीये."

"काका!" मी ओरडले. "तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?"

"मी कुणाच्याच नाही. त्यानं विचारलं, मी सांगितलं."

नितीननं नळ बंद केला. "मी शब्द दिलावता आईला. मोजणी चालू हाय तवर झाडाला हात लावणार न्हाई. आता झाली ना तुमची? उद्या सकाळी सातला माणसं येत्यात."

हौसाक्का उंबऱ्यावर बसून सुपात भात पाखडत होत्या. त्या पाखडतच राहिल्या. मला त्यांचा रागच आला. लेकाच्या बाबतीत सगळ्या आया सारख्याच, असं काहीतरी मी काकांच्या गेटपाशी बोललेसुद्धा.

*

सोमवारी मी सुट्टी टाकली. रात्रभर भाषण तयार केलं होतं. परिसंस्था, परागीभवन, पुढच्या पिढ्या, सगळं होतं त्यात. माल्याला जाणारी एसटी नेमकी उशिरा आली. पोचेपर्यंत साडेदहा. उतरल्यापासून कान देऊन चालत होते. करवतीचा आवाज नाही. मनात आलं, संपलं. पडली.

वळण घेतलं, तर सावर उभी! लालभडक, फुलांनी लगडलेली, आणि वर पक्ष्यांचा नुसता बाजार.

खाली मात्र चिडीचूप. झाड तोडणारी तिघं माणसं भिंतीला टेकून उकिडवी बसली होती. यंत्राची करवत, दोर, कुऱ्हाडी, सगळं बाजूला आडवं. एकाचा मोबाईल वाजला तसा त्यानं तो घाबरून पोटाशी दाबला. चहाचे रिकामे कप पायाशी. सावरीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर हौसाक्का, मान वर, मांडीवर सूप. वर एक पक्षी बसला की सुपातला भाताचा एक दाणा इकडून तिकडे. डावा हात तेवढा हवेत उभा, रस्त्यावर पोलीस गाड्या थांबवतो तसा.

मी भाषणासाठी छाती भरून श्वास घेतला. "नितीन, मला तुझ्याशी..."

नितीन अनवाणी, चवड्यांवर, जवळजवळ पळतच माझ्याकडे आला. ओठांवर बोट.

"ताई, हळू! मोजणी चालू हाय."

"अरे, मोजणी तर काल संपली!"

त्यानं एकदा आईकडे पाहिलं, एकदा त्या तीन माणसांकडे, आणि आणखी खालच्या आवाजात म्हणाला,

"तुमची संपली. आईची न्हाई."