नहराची वाट आणि भैयाजींचा ब्रूनो

आंजी मोठी या गावच्या रोशनी थूलला पळायला जागा मिळत नव्हती. वर्धा रोडवर पहाटेपासून रेतीचे टिप्पर. शाळेच्या मैदानावर पोट्ट्यांचं क्रिकेट, आणि एकटी बाई पळताना दिसली की त्यांची कॉमेंट्री वेगळीच सुरू व्हायची. शेताकडच्या पांदणीत गिट्टी टाकून ठेवलेली, तीवर पाय मुरगळायचा. उरली नहराची वाट. एका अंगाला नहर, दुसऱ्या अंगाला पऱ्हाटीची वावरं, आणि मध्ये बेशरमच्या झुडपांनी आवळत आणलेली वाट. समोरून कोणी आलं तर एकानं अंग चोरायचं, तेव्हा दुसरा जायचा.

रोशनी बसस्टँडजवळच्या ऑनलाइन सेंटरवर काम करायची. गावातल्या पोरापोरींचे भरतीचे अर्ज तीच भरून द्यायची. स्वतः तीन वेळा पोलीस भरतीला उतरली होती. लेखीची तिला भीती नव्हती, पण ग्राउंडवर मार खायची. गोळा बरा जायचा, आठशे मीटरमध्ये मात्र शेवटच्या टप्प्यावर दम तुटायचा. आता एकतिशी ओलांडली होती. वयाची अट जवळ येत होती, आणि भरती काही दरवर्षी निघत नाही. आई पंचफुलाबाई लग्नाचं बोलायची थकली होती. "पळ बाप्पा, पळ. पन एकडाव लागून जाय," एवढंच म्हणायची.

त्याच वाटेवर भैयाजी झाडे कुत्रा फिरवायचे. खरं तर कुत्राच त्यांना फिरवायचा. त्यांच्या सचिननं नागपुरात फ्लॅटमध्ये हौसेनं लॅब्राडोर पाळला. बायको सुरभी आणि तो दोघंही नोकरीला, कुत्रा दिवसभर एकटा रडायचा. शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या तसा सचिननं तो एका दिवाळीत गावी आणून बापाच्या अंगणात सोडला आणि परत नेलाच नाही. पिवळसर, दांडगा, मूर्ख प्रेमळ कुत्रा. नाव ब्रूनो. भैयाजींनी आयुष्यभर राखणीचे कुत्रे पाळले होते. ते रात्री वावरात असायचे, दिवसा झोपायचे, त्यांना फिरवायला न्यावं लागत नव्हतं. दोरी लावून कुत्र्यामागं चालणं हे भैयाजींना माणसाला न शोभणारं वाटायचं. म्हणून ब्रूनो मोकळा आणि भैयाजी मागे काठी टेकत, असं ते चालायचे.

पहिल्या दिवशी रोशनी त्यांच्या पाठीमागून आली. आता मोठ्या माणसाला मागून हाक काय मारायची? "बाजू" म्हणावं तर उर्मट वाटतं. काही न म्हणता शेजारून जावं तर वाट पुरत नाही. तिनं जवळ येऊन "काकाजी" म्हटलं. भैयाजी दचकले, त्यांची काठी सटकली, ब्रूनो वळला आणि कोणी खेळायला आलं म्हणून थेट तिच्या छातीवर उडी घेतली. रोशनी नहराच्या उतारावर घसरली. पाणी कमी होतं, पण ती कमरेपर्यंत चिखलात गेली.

"काई नाई करत तो," भैयाजी वरून म्हणाले. "खेळून राह्यला."

"काकाजी, मी खेळाले नाई आली इथं."

"तू पळते म्हनून तो मागं लागते. चालली असती तं काई नसतं केलं त्यानं."

रोशनीला राग आला तो या वाक्याचा. पुढच्या महिन्याभरात तिनं ते इतक्या तोंडांतून ऐकलं, की झोपेत कोणी पुटपुटलं तरी ओळखू यावं. सेंटरवरचा मालक हेच म्हणाला. शेजारीण हेच म्हणाली. पळणाऱ्यानं चालावं म्हणजे कुत्र्याला त्रास होणार नाही! दोरीचं कोणी बोलेना.

तिनं हातात काठी घेऊन पाहिली. भैयाजींना ते लागलं. "माह्या कुत्र्याले मारशीन का तू?" म्हणून त्यांनी दोन दिवस तोंड फिरवलं. मग तिनं शिट्टी घेतली, लांबूनच वाजवायची. ब्रूनोला शिट्टी इतकी आवडली की ती ऐकली की तो लांबूनच धावत यायचा.

शेवटी ती भैयाजींच्या घरी गेली. भैयाजी वावरात होते. त्यांच्या बायकोनं, नलूबाईंनी, तिला ओट्यावर बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"काकू, मले भांडन नाई कराचं. काकाजींनी फक्त एक दोरी लावावी त्याले. मी येतानी दिसली का वावराच्या बाजूनं उभं राहावं. मी पन तेवढी वाट चालतच जाईन."

"मी सांगतो त्याइले," नलूबाई म्हणाल्या. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "त्याइले कुत्रा आवडते असं नको समजू. पोराची वस्तू हाय म्हनून सांभाळून राह्यले. दोरी लावली का आपन सचिनचे नोकर झालो, असं त्याइले वाटते."

हे रोशनीला कळलं. पण कळून तिचा आठशे मीटरचा वेळ सुधारत नव्हता.

नलूबाईंनी काय सांगितलं कोण जाणे, भैयाजी नरमले. दोरी नाही लावली, पण ती दिसली की गळपट्टा धरून वावराच्या धुऱ्यावर चढायचे. रोशनी पळणं थांबवून चालायची. "काय म्हन्ते रोशनी?" ते विचारायचे. "बरं हाय काकाजी," ती म्हणायची आणि पुढं जाऊन पुन्हा वेग घ्यायची. दिसायला सगळं शहाण्यासारखं झालं. पण ज्या ठिकाणी दम तुटतो, तिथूनच पुढं रेटायला शिकायचं होतं तिला, आणि नेमकी तिथंच रोज चालत होती. दुसरी वाट नव्हती, वेळ बदलून पाहिली. भैयाजीही कधी लवकर, कधी उशिरा यायचे. ती आईजवळ चिडायची. पंचफुलाबाई म्हणायची, "बुढ्याच्या मनात काई नाई ना. मंग सोस थोडं." रोशनीला वाटायचं, मनात काही नाही हेच तर अवघड आहे. असतं तर भांडता तरी आलं असतं.

भरतीचं ग्राउंड तीन आठवड्यांवर आलं असताना सचिन गावी आला. सकाळी तोच ब्रूनोला घेऊन नहरावर आला. कानात इअरफोन, नजर मोबाइलवर. रोशनीनं लांबून हाक मारली, "दादा, धरा त्याले!" त्याला ऐकू गेलं नाही. ब्रूनो सुटला. या वेळी तिनं थांबायचं ठरवलं, पण पूर्ण वेगातून थांबताना कुत्रा पायात आला. ती पडली आणि घोटा तिच्याच अंगाखाली दबला.

सचिन धावत आला, उठायला हात दिला. त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. "सॉरी मॅडम, खरंच सॉरी. पण कुत्रा दिसल्यावर पळायचं नसतं. ही बेसिक गोष्ट आहे."

 दुखण्यापेक्षा जास्त रोशनीला हे झोंबलं, की हा माणूस या वाटेवर पहिल्यांदाच भेटतोय आणि तेच वाक्य घेऊन आलाय.

"दोरी कुठं हाय?" तिनं विचारलं.

"काय?"

"कुत्र्याची दोरी. नागपुरात लावत होते ना तुमी? मंग इथं काऊन नाई? इथं मानसं नाई राहत का?"

 सचिननं मोटारसायकल आणून तिला घरी सोडलं आणि दुपारच्या गाडीनं नागपूरला निघून गेला.

संध्याकाळी पंचफुलाबाई झाड्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. ती आयुष्यात कोणाशी मोठ्यानं बोलली नव्हती, त्या दिवशी गल्लीनं ऐकलं. "माही पोरगी एका वाटेपुरती मागत होती भैयाजी. तुमच्या दारातलं काई नोयती मागत." भैयाजी खाटेवर बसून होते.  नलूबाई तेवढ्या हात जोडत होत्या.

घोट्याची सूज उतरली, पण जोर आला नाही. ग्राउंडला रोशनी पट्टी बांधून उतरली. गोळा नेहमीसारखा गेला. आठशे मीटर तिनं पूर्ण केलं, शेवटी जवळजवळ लंगडत. लेखीला बोलावलेल्यांच्या यादीत नाव आलं नाही. यादी तिनं सेंटरच्याच कॉम्प्युटरवर पाहिली. मग खुर्चीवरून उठून बाजूच्या पोराला बसायला सांगितलं. त्याचं नाव आलं होतं.

महिन्यानं ती पुन्हा नहरावर गेली. पुढची भरती निघाली तर एक संधी होती, निघाली तर. वाटेवर कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही. गावात कळलं की भैयाजींनी नहरावर जाणं सोडलं. "त्या पोट्टीनं बुढ्याचं फिरनं बंद केलं," असं पारावर बोलणं होतं. सेंटरवर झेरॉक्सला आलेल्या एका बाईनं तिला तोंडावरच सुनावलं. रोशनीनं कागद मशीनमध्ये इतक्या जोरात सारला की अडकला.

एका सकाळी ती दूध आणायला रोडवर गेली तर भैयाजी तिथं दिसले. डांबरी रस्त्याच्या कडेनं चालत होते. ब्रूनोच्या गळ्यात नवी निळी दोरी होती, भैयाजींच्या मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट. टिप्पर गेला तसे माणूस आणि कुत्रा दोघंही कडेच्या गवतात दबले. धूळ खाली बसेपर्यंत भैयाजींनी डोळे मिटून घेतले.

रोशनी रस्ता ओलांडून गेली. "काकाजी, इथं कायले फिरता? टिप्परवाले पाहात नाईत. नहरावर येत जा. आता तं दोरी हाय."

"थे तुही वाट हाय. तू पळ."

"माही कशी? मी या म्हनूनच सांगून राह्यली ना. मी येऊ नका कधी म्हटलं?"

"म्हटलं नाई," भैयाजी म्हणाले. "पन झालं ना तसंच." त्यांनी दोरी ओढली. ब्रूनो रोशनीकडे शेपटी हलवत होता, त्याला निघायचं नव्हतं. भैयाजींनी पुन्हा ओढली आणि ते चालू लागले.

ती दुधाची कॅन घेऊन तिथंच उभी राहिली. धावत जाऊन त्यांच्यापुढं उभं राहावं, की त्यांना जाऊ द्यावं, हे तिला ठरवता येईना. तेवढ्यात ते वळणापार गेले.

दुसऱ्या दिवशी नहरावर ती न थांबता पळाली. जिथं दम तुटायचा तिथं तुटला, आणि ती तशीच पुढं गेली. घरी आली तेव्हा पंचफुलाबाई चुलीजवळ होती.

"आज कोनी आडवं नाई आलं?"

"नाई," रोशनी म्हणाली. "कोनीच येत नाई आता." आणि पायरीवर बसून ती बूट भिंतीवर आपटत राहिली, तळांना चिखल नव्हता तरी.