तिळगुळाचा फोटो

संक्रांतीला सगळं जयपूर पतंग घेऊन गच्चीवर असतं. बदलीने इथे येऊन राहिलेली आम्ही दहा-बारा मराठी घरं मात्र त्या दिवशी एकमेकांच्या दारात असायचो. वर्षभरात ज्यांचं वाजलं असेल, त्यांतल्या धाकट्याने थोरल्याकडे तिळगूळ घेऊन जायचं, असा आमचा नियम होता. त्यामुळे कुठलंही भांडण वर्षापलीकडे जात नसे.

मग स्मार्टफोन आले आणि आमच्या मंडळाचा ग्रुप झाला. तिलक नगरचे माझे बँकेतले एक निवृत्त सहकारी, वयाने मोठे, त्याचे अ‍ॅडमिन झाले आणि शाखा चालवावी तसा ग्रुप चालवू लागले. मी एकच सुप्रभात तीनदा पाठवली म्हणून त्यांनी मला काढून टाकलं. सत्तावीस वर्षांची ओळख एका अंगठ्याने निकालात निघाली. मला मनापासून राग आला.

संक्रांत आली. पूर्वी मला विद्याधर नगरहून उठून तिलक नगरला जावंच लागलं असतं. आता मी तिळगुळाच्या वाटीचा फोटो सगळ्यांना एकदम पाठवला, त्यांनाही. त्यांच्याकडूनही तसलाच फोटो आला, शिवाय जोडलेले हात. अशा तीन संक्रांती गेल्या.

यंदा बायकोने डबा हातात दिला आणि फोटो कुणी खाऊन पाहिलाय का, असं विचारलं. मी चपला घातल्या आणि तिलक नगरला गेलो.

दार वहिनींनी उघडलं. ते खिडकीशी खुर्चीत होते, उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, वहिनी म्हणाल्या. बातमी ग्रुपवर टाकली होती. मी ग्रुपवर नव्हतो, घरातलं दुसरंही कुणी नव्हतं, आणि दारात तर कुणीच कुणाच्या जात नव्हतं. मी म्हटलं, पण यांचा फोटो येतो की दरवर्षी.

"भावजी, तो मीच पाठवते. मतलब, फोनमधली नावांची यादी यांना दाखवते. तुमचं नाव आलं की हे बोट ठेवतात."

मला लाज वाटली. मी त्यांच्या डाव्या तळहातावर तिळगूळ ठेवला. त्यांनी तो बाजूला ठेवून आधी फोन मागितला आणि डाव्या अंगठ्याने बराच वेळ काहीतरी करत बसले. वहिनी मदतीला वाकल्या, तर त्यांनी फोन छातीशी धरला.

माझ्या खिशातला फोन वाजला. मला ग्रुपमध्ये परत घेतलं होतं.

मग त्यांनी तिळगूळ खाल्ला.