वहिनीचा तिसरा एकर

जळकोटच्या फाट्यावर सोलापूरची एसटी थांबली, तशी दादानं माझी बॅग खिडकीतून आत टाकून जागा धरली. सुमनवहिनीनं शेंगाच्या चटणीचा डबा आणि कडक भाकरींचं गाठोडं खिडकीतूनच माझ्या हातात दिलं. आय, म्हणजे माझी आई, डोळे पुसायचे सोडून मला दम देत होती, "तिकडं परक्या मुलखात जपून बोल. तुझं तोंड आमी सोसलं, दुसरं कुणी सोसणार न्हाय!" आबा, म्हणजे वडील, आदल्या वर्षीच गेले होते. मी निघाले होते रांचीला, मी काम करायचे त्याच संस्थेच्या तिकडच्या ऑफिसात नोकरीला. रांची कुठं आहे ते मलाही धड ठाऊक नव्हतं.

गावात राहिलेल्या बायांनो, त्याआधी मी तुमच्या दारोदार फिरायचे, ते तुम्हाला आठवत असेल. बायकोला एक एकर रान द्या, तिला हवं ते तिला पेरू द्या, अशी पुरुषांना गळ घालायची, हेच आमच्या संस्थेचं काम होतं. सगळीकडं सोयाबीन झालं होतं आणि ताटातली डाळ विकत आणायची वेळ आली होती. लोकांना सांगायचं तर आधी घरातून सुरुवात, म्हणून पहिला एकर मी दादाकडून वहिनीसाठी मागितला. त्यानं माळाकडचा दिला, नुसता मुरूम. वहिनीनं दगडं वेचून बांध घातला, डोक्यावरून पाट्या भरभरून शेणखत वाहिलं, आणि तूर, मूग, हुलगा, कारळं असं सतरा प्रकारचं पेरलं. काही वर्षांत तिथली माती हातात भुसभुशीत लागायला लागली.

रांचीत मी या वहिनीवरच जगले म्हणा ना. भाताची सवय झाली, हिंदीत भांडायला शिकले, पण ट्रेनिंगमध्ये पहिला फोटो वहिनीचाच. कमरेवर हात, मागं फुललेली तूर. दर सहा महिन्यांनी आमच्याकडं 'आपण काय शिकलो' अशी मीटिंग व्हायची. त्यातही वहिनीचा एकर हमखास असायचा. तिकडच्या बायका तिला 'महाराष्ट्रवाली भाभी' म्हणायच्या, आणि माझी छाती फुगायची.

गेल्या वर्षीच्या नागपंचमीला बऱ्याच वर्षांनी गावी गेले. पिशवी टेकवली आणि थेट रानात. बघते तर वहिनीच्या एकरात या टोकापासून त्या टोकापर्यंत दादाचं सोयाबीन! मला वाटलं, वाट चुकले. बांधही तिचा, कडुनिंबही तोच. वहिनी सापडली पार वर, टेकाडाच्या कुशीला, दगडं वेचताना. हाताला फडकी बांधलेली.

"वहिनी, हे काय? तुमचा एकर?"

"ह्योच की, वन्सं. ह्यो तिसरा," ती म्हणाली. "पिकाया लागलं की त्यांचं. मुरूम तेवढा माझा."

आणि हसली. एक एकर सुधारला की दादा तो घ्यायचा आणि तिला दुसरा खडकाळ तुकडा द्यायचा. आमच्या रिपोर्टात वहिनी दरवर्षी 'एक एकर असलेली बाई'च होती. तिच्याकडं एकर आहे का, एवढं आम्ही विचारत होतो, आणि उत्तर होतं व्हय. कुठला एकर, हे एकाही शहाण्याला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी वारुळाला जाताना गल्लीतल्या बायकांना विचारलं, तर सगळ्या खो-खो हसल्या. "आगं, आमच्यात बी तसंच हाय!" बाई गं, हसता कसल्या?

संध्याकाळी जेवताना दादावर तुटून पडले. मला वाटलं होतं, शरमेल, नाहीतर चिडेल. तो तर कौतुकानंच बोलायला लागला.

"तिच्या हाताला गुण हाय. ती लागली की खडक बी पिकतोय. तुमच्या संस्थेनंच शिकिवलं की आमाला. म्या कुणाचं वाईट केलं?"

त्याला खरंच काही कळत नव्हतं. हा माझा सख्खा भाऊ, माझ्या बॅगा उचलणारा! आबांच्या माघारी सातबाऱ्यावर माझंही नाव लागलं होतं, आणि सवडीनं हक्क सोडून सही करून जा, असं दादा अधूनमधून म्हणायचा. मीही हो म्हणायचे. त्या ताटावर मात्र तोंडून निघून गेलं, "दादा, माझी वाटणी मोज. मला माळाकडचा तो पहिला एकर पायजे."

आपल्याकडं बहिणीनं वाटणी मागितली की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. आय उठून आत गेली. वहिनी घाबरून माझा हात दाबायला लागली, "वन्सं, माझ्यापाई म्हायेर तोडू नका." दादा खाली बघूनच म्हणाला, "घे. पर मग पुढच्या पंचमीला या घरात येऊ नगं."

रांचीच्या मीटिंगमध्ये मी वहिनीचा तोच फोटो लावला आणि सांगितलं, हे रान आता हिच्याकडं नाही. संस्थेचे साहेब म्हणाले, एखादं उदाहरण असं असतं. तेवढ्यात रांचीजवळच्या खुंटी जिल्ह्यातली पुष्पादीदी बोलली. त्यांच्या गावात बायकांनी तळ्यातला गाळ काढला, मासे सोडले, आणि मासे मोठे झाल्यावर तळं पुरुषांचं झालं. एवढी वर्षं शिकत होतो म्हणे आम्ही! आता आम्ही बाईला विचारतो, गेल्या साली हेच रान होतं का? एवढा एक प्रश्न शिकायला आम्हाला किती बायकांची कंबर मोडावी लागली, देव जाणे.

मोजणी झाली. तो एकर माझ्या नावावर आला आणि वहिनी तो कसते. कागद करून तिच्याच नावावर देते म्हटलं, तर म्हणाली, आत्ता नगं, घर पेटंल. दादा बोलत नाही. या पंचमीला कुणी न्यायला आलं नाही, फोनही नाही. मी भाड्याच्या खोलीत एकटीनं पुरणाची दिंडं केली आणि रडत रडत खाल्ली. बाहेर पडलेल्या माझ्यासारख्यांनो, घर मागं असतं म्हणून आपण पुढं जाऊ शकतो. ते बंद झालं की छातीत कसं होतं, ते मला विचारा. पश्चात्ताप होतो का? कधीकधी होतो, खोटं कशाला बोलू.

परवा वहिनीचा फोन आला, रानातूनच. तूर फुलल्याचं सांगितलं, आयच्या गुडघ्याचं सांगितलं. मग आवाज बारीक करून म्हणाली, "त्येनी इचाराया लावलंय. पुढल्या साली ह्ये रान बटईनं द्याल का म्हून."

मी आधी हसले, मग कपाळाला हात लावला. अर्ध्या वाट्यानं का होईना, रान परत दादाच्याच हातात! घराचं दार उघडायचं, तर ते या वाटेनंच उघडलं असतं. आणि मला घर हवं होतं, किती हवं होतं!

"त्याला माझा निरोप सांगा, दादा, रान वहिनी कसते. इचारायचं तर तिला इचार."



"मला इचारलं," वहिनी म्हणाली, "तर म्या न्हाय म्हणणार."