न जळलेली मोटार

काशिनाथ मेस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिले ते रागावलेले. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पंपांचे शाफ्ट बनवणाऱ्या कारखान्यात मी मदतनीस म्हणून लागलो, त्याला चारच दिवस झाले होते. एक खेप गाडीत चढली होती आणि खात्याचे प्रमुख असलेले मेस्त्री ती खाली उतरवायला सांगत होते. शाफ्ट केसभर बारीक झाले होते. साहेब म्हणाले, "जाऊ द्या, कोणाला कळणार आहे?" मेस्त्री म्हणाले, "सही माझी हाय. मला कळला ना, बस झाला." खेप उतरली. आम्ही ती मनातल्या मनात मेस्त्रींना शिव्या देत उतरवली, हेही सांगून टाकतो.

त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या ग्रंथासाठी एक आठवण लिहून द्या, असे समितीचे पत्र आले. ही आठवण देऊन मला मोकळे होता आले असते. तिच्यात मेस्त्री शोभून दिसतात आणि मीही फारसा वाईट दिसत नाही. पण मी दुसरी लिहिणार आहे.

मंदी हा शब्द आम्ही आधी वर्तमानपत्रात वाचला आणि मग कारखान्याच्या फाटकावरच्या कागदावर. आधी कंत्राटी माणसे घरी गेली, मागोमाग कायम असलेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे कारखाने एकेक करून थंड पडले. शहापूरकडचे सोबती उंबरमाळीच्या डोंगरात आपापल्या गावी निघून गेले. धसईच्या बाजारात दुकानदार एकमेकांशीच गप्पा मारू लागले. त्या हिवाळ्यात म्हसाच्या जत्रेत माणसे बैलांचे दात बघत, पाठीवरून हात फिरवत आणि काही न घेता घरी परतत.

मालकांनी कारखान्याला कुलूप लावले आणि किल्ली मेस्त्रींकडे दिली. पगार नव्हता. तरी दर सोमवारी मेस्त्री आत जाऊन प्रत्येक मशीन हाताने फिरवत, तेल देत. "मशीन बसून राह्यला का आखडतंय रे, मानसासारखा," असे म्हणत. मदतीला ते मला नेत. एका सोमवारी त्यांना ताप होता, म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

त्या दिवशी मी आतली सर्वांत मोठी मोटार उघडली, छिन्नीने तिच्या गुंडाळ्या कापल्या आणि तांबे गोणीत भरून घरी आणले. घरात तांदळाशिवाय काही नव्हते आणि बायकोचे दिवस भरत आले होते. हे मी कारण म्हणून सांगतो आहे, सबब म्हणून नाही.

पुढच्या सोमवारी मी म्हणालो, "मेस्त्री, मोठी मोटार जळली." मेस्त्रींनी मोटारीच्या रिकाम्या खाचेत बोट घातले, बाहेर काढले आणि बोटाकडे पाहत राहिले. जळलेल्या मोटारीत बोट घातले की ते काळे होते. मेस्त्रींचे बोट स्वच्छ होते. तेवढ्यात पहारेकरी आत आला आणि काय झाले म्हणून विचारू लागला. पोलीस, तुरुंग, गावात तोंड दाखवायची चोरी, सगळे मेस्त्रींच्या एका शब्दावर होते. ते म्हणाले, "जळली." मालकांनाही त्यांनी फोनवर तेच सांगितले. कारखान्याची किल्ली ज्याच्या शब्दावर दिलेली होती, त्या माणसाने तो शब्द माझ्यासाठी पणाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्री माझ्या दारात उभे. माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाय, याला काम लागलाय. सांजच्याला येल." आणि मला हळूच म्हणाले, "ती गोणी घे. कल्याणला जायचाय." भीतीने मी अजून न विकलेले ते तांबे तिथे देऊन त्यांनी नवी तार घेतली. मग ती मोठी मोटार कारखान्यातून त्यांच्या पडवीत आणली आणि तिथे मी मोटार भरायला, म्हणजे तिच्यात नव्या तारेच्या गुंडाळ्या बसवायला, शिकलो. पहिल्यांदा एका गुंडाळीत वेढे कमी पडले आणि मोटार थरथरून गुरगुरली. सगळी तार उपसावी लागली. मेस्त्री एवढेच म्हणाले, "परत भर." दुसऱ्यांदा ती सुरळीत फिरली.

मोटार भरणाऱ्याने आपल्या नावाची चिठ्ठी झाकणाखाली ठेवायची, असा मेस्त्रींचा नियम. ती बिघडली तर ज्याचे नाव त्याने निस्तरायचे. मी म्हणालो, "यात माझं नाव नको." त्यांनी स्वतः ते लिहिले आणि झाकणाचे स्क्रू आवळले.

कारखान्यातून घरी बसलेली माणसे तोवर भातामागून भाजीपाला लावू लागली होती. पण पंपाची मोटार जळली की ती कल्याणला न्यावी लागे आणि परत येईतो रोपे माना टाकत. मेस्त्रींनी धसईत एक पत्र्याची शेड घेतली आणि आम्हा तिघा बेकारांना तिथे बसवले. आज दिलेली मोटार उद्या ओढ्यावर चालू. भेंडी, काकडी, कारली निघू लागली, व्यापाऱ्यांचे टेम्पो गावापर्यंत येऊ लागले आणि दुकानदारांना बोलायला गिऱ्हाइके मिळाली. मंदी मेस्त्रींनी घालवली, असे मी म्हणणार नाही. ती आम्हाला न विचारता आली आणि तशीच हळूहळू ओसरली. पण ती ओसरली तेव्हा आमच्या भागातली माणसे आणि मशिने आखडलेली नव्हती. मालक बटण दाबून पाहायला आले, तेव्हा सगळी मशिने फिरली. मोठी मोटारही फिरली. आसपासच्या कारखान्यांत पहिली पाळी आमची सुरू झाली.

आज माझी मुरबाडला आणि शहापूरला मोटारी भरायची दुकाने आहेत. मेस्त्री प्रत्येक समारंभात सांगतात, "जळलेली मोटार भरून शिकला हा," आणि लोक मला हार घालतात. या माणसाच्या तोंडून मी ऐकलेले ते एकमेव खोटे आहे. त्यांच्या पंच्याहत्तरीला ते त्यांच्या डोक्यावर राहू नये, असे मला फार वाटते.

हे लिहून मी आधी त्यांच्याकडे नेले. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचले. "इतकी वर्सं कोनाला सांगितला नाय. आता कशाला रे?"

"तुमी माझ्यापायी खोटं बोललात, मेस्त्री."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग कागद माझ्या हातात देत म्हणाले, "लिव. पन भरली कोनी, ता बी लिव."

तर लिहितो. ती मोटार जळली नव्हती. ती मी कापली होती आणि मीच भरली.

गेल्या महिन्यात बेअरिंग बदलायला ती माझ्याकडे आली. झाकणाखाली चिठ्ठी तशीच होती, अक्षर मेस्त्रींचे आणि नाव माझे. मी ती जागच्या जागी ठेवून झाकण लावले. मेस्त्रींना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. ती मोटार पुन्हा कधी उघडावी लागेल, तेव्हा आत बोट घालून पाहायला ते माझ्या शेजारी उभे असोत.