बारा मागांचं गाव

“उठा सायेब. आधी बघू द्या, मग बसा.”

आप्पा माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते हेच. मी तेव्हा रस्ते खात्यात ओव्हरसियर होतो. मूळचा निपाणीचा, म्हणजे तोंडात तंबाखू आणि नाकावर राग, दोन्ही जन्माचे. संकेश्वरच्या रस्त्याला चिंचेखाली एका लांबट दगडावर बसून डबा सोडत होतो, तर सायकलवरून उतरलेला, डोक्याला मळका रुमाल गुंडाळलेला एक किडकिडीत माणूस मला उठा म्हणतोय. कुणाचं ऐकून घ्यायची मला सवय नव्हती. तरी उठलो, कारण त्यांनी माझी वाट न बघता दगडाच्या कडेखाली हात घातलाच होता. दोघांनी मिळून तो उलटा केला. खालच्या अंगाला ढाल-तलवार घेतलेला एक वीर, त्याच्या पायाशी गाई, आणि वर त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेणाऱ्या दोन बायका.

“गाई सोडवताना मेलाय ह्यो,” आप्पा म्हणाले. “आनि तुम्ही त्येच्या पाठीवर बसून भाकरी खाताय.”

ती भाकरी मी उभ्यानं खाल्ली. वर ते दोन वेळा म्हणाले, “तुमची चूक न्हाय, पालथा व्हता त्यो.” म्हणजे चूक माझीच, हे मला नीट कळलं.

तुम्ही आप्पांना कुठंही बघितलं असतंत, तरी तुमच्या हे लक्षात आलं असतं. पार असो, देवळाची पायरी असो की विहिरीवरचा धुण्याचा दगड असो, आधी हात फिरवायचा, कडेखाली बोटं घालून चाचपायचं आणि मगच टेकायचं. माझ्या कचेरीत यायचे तेव्हा सरकारी लाकडी बाकावरसुद्धा हात फिरवून बसायचे. मी म्हणायचो, “आप्पा, त्याखाली ढेकणांशिवाय कुणी नाही.” ते हसायचे आणि तरी हात फिरवायचेच.

ते बेळगावजवळच्या वडगावचे विणकर. घरात दोन माग, स्वतः उत्तम लुगडी विणायचे. शहापुरातल्या एका म्हाताऱ्या कानडी मास्तरांच्या पाठी लागून जुनी कानडी अक्षरं शिकले होते. त्यांचं हत्यार-पात्यार म्हणजे घरचंच सामान. सुताला कडकपणा यावा म्हणून विणकर खळ लावतात, भाताच्या पेजेसारखी. आप्पा पातळ कापड त्या खळीत भिजवायचे, कोरलेल्या दगडावर चिकटवायचे आणि सुतावर फिरवायच्या कुंच्यानं थोपटून थोपटून खाचांत बसवायचे. वरून काळ्या रंगाचा बोळा. कापड वाळलं की अक्षरं त्यावर पांढरी उठायची. अशा कापडांची एक पेटी भरली होती. आक्का, म्हणजे त्यांच्या घरच्या, मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या, “बघा की भाऊ, बायकांस्नी नेसवायची सोडून धोंड्यास्नी लुगडी नेसवत फिरत्यात.” पण खळीचा डबा सायकलला बांधून द्यायच्या त्याच.

आता एक गंमत सांगतो. आमच्या भागात अमावस्येला माग बंद असतो. विणकराची सुट्टी तीच. त्यामुळे आप्पा फिरायला निघायचे ते अमावस्येलाच. गावाबाहेरचं पडकं देऊळ, तिथं वाकून बसलेला परका माणूस, पुढ्यात पांढरं कापड, डब्यात पेज, हाताला काळा रंग, आणि तिथी अमावस्या. खेड्यातल्या माणसानं काय समजावं? हुक्केरीकडच्या एका गावात त्यांना पाटलानं चावडीत बसवून ठेवलं. माझा मुक्काम जवळच होता, म्हणून त्यांनी माझं नाव सांगितलं आणि मला बोलावणं आलं.

“गुप्तधन काढाय आलाय ह्यो,” पाटील म्हणाला. “इचारा की, अमावस्येलाच कसा आला?”

“सुट्टी असतीया,” आप्पा शांतपणे म्हणाले.

“कसली सुट्टी?”

“मागाची.”

पाटलाला वाटलं, मागं कधीतरी घेतलेली सुट्टी. तो म्हणाला, मागची राहू दे, आजचं बोल. अर्धा तास दोघं ‘माग’ आणि ‘मागं’ यांत अडकून पडले होते. मला हसू आवरेना. शेवटी मी सरकारी आवाज काढला, तेव्हा सुटका झाली. निघताना आप्पांनी काय करावं? चावडीच्या पायरीखाली हात घालून बघितलं. पाटील पुन्हा सावध झाला आणि मी आप्पांना दंडाला धरून बाहेर ओढलं.

त्या संध्याकाळी मी चिडून विचारलं, “नक्की काय हवंय तुम्हाला? कशाला हे धोंडे हुडकत हिंडता?”

त्यांनी जे सांगितलं ते ऐकल्यावर माझा राग गेला. त्यांच्या घरात लग्न निघालं की हळदीआधी मागाला हळदकुंकू वाहतात आणि मूळ गावाचं नाव घेतात. पण गावाचं नावच कुणाला ठाऊक नव्हतं. आज्याच्या आज्याच्या वेळी गाव सुटलं, नाव विसरलं. राहिलं ते एवढंच, की तिथं बारा माग होते. म्हणून सुना-लेकी ‘बारा मागांचं गाव’ एवढंच म्हणायच्या.

“लोकांस्नी गाव असतंय सायेब,” आप्पा म्हणाले. “आमास्नी नुसता आकडा हाय. माझ्या पोरीच्या हळदीला तरी नाव घ्यावं म्हणतो.”

पोरगी तेव्हा सात-आठ वर्षांची होती. म्हणजे वेळ भरपूर आहे असं मला वाटलं.

पाच-सहा वर्षांनी दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि बेळगावच्या छावणीतून लष्कराच्या लॉऱ्या आमच्या रस्त्यावर धावू लागल्या. बसरीहाळ नावाच्या खेड्याजवळ ओढ्यावर दगडी मोरी बांधायचं काम माझ्याकडे आलं. ओढ्याकाठी एका देवळाचा नुसता चौथरा उरला होता. आजूबाजूच्या लांब शिळा मोरीवर टाकायला बऱ्या, म्हणून आमच्या माणसांनी एकेक ओढून आणल्या. त्यांतल्या एकीवर अक्षरं निघाली. मी लगेच आप्पांना कार्ड टाकलं.

अमावस्या नसतानाही ते आले, शिळा धुतली आणि तिच्यापुढे उकिडवे बसले. बोटानं एकेक अक्षर चाचपत गेले. मग म्हणाले, “देवाच्या दिव्याला तेल दिलंय. कुनी दिलं, तर बारा… आकडा बाराचाच हाय. पुढं ‘मग’.”

कानडीत ‘मग’ म्हणजे मुलगा आणि ‘मग्ग’ म्हणजे माग; माग निघाला तर बसरीहाळ हेच आप्पांचं गाव. फरक केवढा, तर अक्षराखाली लोंबणाऱ्या एका जोडाक्षराच्या शेपटीचा. ती ओळ होती शिळेच्या अगदी तळाशी आणि तिथं मातीचा दगडासारखा थर बसला होता. आप्पांनी कापडावर उमटवून शहापूरला नेलं. मास्तरांनी निकाल दिला, बारा मुलगे. आप्पा वाद घालून आले, बारा मुलगे असते तर ‘मक्कळु’ असं अनेकवचन लिहिलं असतं. मास्तर म्हणाले, खेड्यातला दगड, खेड्यातलं व्याकरण.

“सायेब, पुढच्या अमावस्येपातूर ठेवा तेवढा,” आप्पांनी मला सांगितलं. “थर भिजवून काढतो. घाई केली तर शेपूट बी निघून जाईल.”

मी हो म्हणालो. अगदी तोंड भरून हो म्हणालो. आणि चार दिवसांनी वरून हुकूम आला की मोरी आठवड्यात पुरी झाली पाहिजे. दुसरी एवढ्या लांबीची शिळा नव्हती. मला ती शोधता आली असती, एखादा शेरा मारून अमावस्येपर्यंतचे दोन दिवस लांबवता आले असते. नोकरीची भीती वाटली, हे खरं कारण. शिळा चढली.

अमावस्येला आप्पा आले. मी तोंड लपवून तंबूत बसलो होतो. तेच आत आले, बाकावर हात फिरवला आणि बसले.

“फोडला न्हाय न्हवं?” एवढंच त्यांनी विचारलं.

फोडला नव्हता. उलट आमच्या गवंड्यानं, ज्याला एक अक्षर येत नव्हतं, ती शिळा मुद्दाम अक्षरं खाली करून बसवली होती. “लिवलेल्यावरनं गाडी जाऊ ने,” असं तो म्हणाला होता. माझ्या डोक्यात नाही ते त्याच्या डोक्यात आलं. आम्ही दोघं कोरड्या ओढ्यात उतरलो, मोरीखाली सरपटत गेलो आणि पाठीवर पडून वर बघू लागलो. सगळ्या ओळी वाचता येत होत्या. शेवटच्या ओळीच्या खाली, नेमका शेपटीच्या जागी, मात्र भिंतीचा चुना आला होता. बोटभर चुना.

“खरवडू?” मी विचारलं.

“नगो. चुना ओला हाय. वरनं लष्कराची गाडी जाणार, आत मानसं बसल्याली असत्यात.” वरून एक बैलगाडी गेली, आमच्या तोंडावर माती पडली. डोळे पुसत आप्पा म्हणाले, “आधार काढून अक्षर बघायचं न्हाय सायेब. हाय तिथं असू द्या. आता निदान कुनी त्येच्यावर बसत न्हाय.”

त्यांनी मला एक शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढं माझी बदली विजापुराकडे झाली. आप्पांचं कार्ड यायचं, त्यात खोकल्याचं थोडं आणि दगडांचं पुष्कळ. मोरीचं एक अक्षर त्यांनी कधी काढलं नाही. नजर कमी झाली, सायकल सुटली, पोरीचं लग्न ठरतंय, हेही कार्डावरूनच कळलं. चार वर्षांनी मी परत आलो, तेव्हा त्याच मोरीच्या दुरुस्तीचा कागद टेबलावर होता. जुना चुना काढून सांधे नव्यानं भरायचे. मी गवंड्याला म्हणालो, तो एक सांधा मी काढणार.

म्हातारपणाकडे झुकलेला ओव्हरसियर मोरीखाली उताणा पडलाय आणि ओल्या फडक्यानं चुना भिजवत तासनतास बोटानं काढतोय, हे बघून माणसं हसत होती. हसू देत. चुन्याबरोबर तो जुना थरही सुटला. मी डब्यातल्या भाताची पेज केली, धोतराचा सोगा फाडला आणि आप्पा करायचे तसं थोपटलं. कापड वाळेपर्यंत तिथंच बसून राहिलो. ‘ग’च्या खाली शेपूट होती. चांगली लांब, ठसठशीत.

दुसऱ्या दिवशी बेळगावला पोचलो आणि थेट वडगाव गाठलं. दशमी होती. गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांची खटखट चालली होती. आप्पांच्या घरासमोर आलो आणि तिथं आवाज नव्हता. अमावस्या नसताना त्या घरातला माग बंद असलेला मी कधी बघितला नव्हता. दारातच मला कळलं.

आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“अमावस्येला गेले,” त्या म्हणाल्या. “दर अमावस्येला जायाचेच की.”

मला दहा दिवस उशीर झाला होता. चार वर्षांपूर्वी दोन दिवस धीर धरला असता तर हा उशीर झाला नसता, हे मी आक्कांना तिथंच सांगून टाकलं. मी कापड त्यांच्या मांडीवर पसरलं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांचं बोट धरून अक्षराखालच्या शेपटीवर ठेवलं.

“काय म्हनतोय धोंडा?” त्यांनी विचारलं.

“माग म्हणतोय, आक्का. बारा माग.”

त्यांनी ते कापड पेटीत ठेवलं नाही. घडी करून मागावर ठेवलं, आप्पा बसायचे त्या जागी.

वर्ष उलटल्यावर पोरीचं लग्न झालं. मला हळदीला आग्रहानं बोलावलं होतं. आक्कांची थोरली सून हळदकुंकवाचं तबक घेऊन मागापुढे बसली आणि सवयीनं म्हणू लागली, “बारा मागांचं…”

मागे दाराशी उभ्या असलेल्या आक्कांनी तिला थांबवलं.

“बसरीहाळ म्हन,” त्या म्हणाल्या. “नाव हाय आता.”

सून अडखळली, तिला ते नाव सवयीचं नव्हतं. आक्कांनी ते पुन्हा एकदा सावकाश सांगितलं, आणि मग तिनं नीट म्हटलं.