पायपिंगवाली चड्डी

आमच्या बाजारातल्या निम्म्या लोकांची बुडं सोफामास्तरांच्या भरवशावर टेकलेली आहेत. न्हाव्याची खुर्ची, दवाखान्याबाहेरचं बाकडं, बँकेतल्या साहेबांची गरगर फिरणारी खुर्ची, सगळं त्यांनीच भरलेलं आणि त्यांनीच शिवलेलं. दुरुस्तीला आलेल्या खुर्चीतला खड्डा नुसता बघून मास्तर मालकाची कुंडली मांडतात. "हे साहेब डाव्या अंगावर कलून बसतात. उजव्या मागच्या खिशात पाकीट असणार, तेही जाड." साहेब ओशाळून पाकीट पुढच्या खिशात घालतात.

मास्तरांच्या दुकानाचे कायदे दोनच. पहिला गुडघ्याचा. गादी भरून झाली की तिच्यावर एक गुडघा टेकवायचा, अंगाचा सगळा भार टाकायचा आणि मनात पाच मोजायचे. गुडघ्याला खालची फळी लागली तर गादी नापास, पुन्हा उसवायची. दुसरा कायदा पायपिंगचा. शिवणीवरून फिरवतात ना, दोरी भरलेली गोल किनार, ती. पायपिंग नसलेली गादी म्हणजे मास्तरांच्या मते शर्टाची बटणं न लावता रस्त्यावर आलेला माणूस. असला माल त्यांनी सत्तावीस वर्षांत एकदाही दुकानाबाहेर जाऊ दिलेला नाही.

गंमत अशी की मास्तर स्वतः दिवसभर उभे. कापायचं टेबल कमरेएवढं उंच, ठोकाठोक उभ्याने, चहासुद्धा दारात उभ्याने. गावाला बसवणाऱ्या या माणसाचं स्वतःचं बूड किती नाजूक आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. ते कळलं लेकीमुळे.

लेक जमीन मोजायच्या खात्यात. डोंगरदऱ्यांत फिरायचं काम, म्हणून तिच्याकडे ती जाड टायरांची, डोंगरात चालवायची सायकल. तिने नवी घेतली आणि जुनी बापाला दिली. मग लांबच्या गावी तिची बदली झाली. जायला महिना राहिला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, जायच्या आधी एकदा टॉवरपर्यंत जाऊन येऊ. दोघंच. वरून आपलं दुकान दिसतं."

गावामागच्या डोंगराच्या डोक्यावर सिग्नलचा टॉवर आहे. तिथवर दगडगोट्यांचा कच्चा रस्ता, बारा किलोमीटर. मास्तर दुकानात चार गिऱ्हाइकांदेखत हो म्हणाले. "त्यात काय! दिवसभर उभा असतो मी. बसून जायचं तर काय अवघड आहे?"

पहिल्या रविवारी ते निम्म्या वाटेवर, वाकड्या झाडाच्या वळणावर थांबले. "अगं, दुकानाला कुलूप लावलं का नाही, आठवतच नाही." परत फिरले. कुलूप होतं.

दुसऱ्या रविवारी त्याच झाडापाशी त्यांना दवाखान्याच्या बाकड्याचं माप आठवलं.

"बाबा, रविवारी दवाखाना बंद असतो."

"म्हणूनच तर. गर्दी नसते."

खरी गोष्ट अशी, की तासाभरात त्या निमुळत्या सीटवर मास्तरांच्या खाली विस्तव पेटायचा. दुखण्याचं एवढं नाही हो, माणूस सोसतो. पण सांगायचं कुणाला? सगळ्या गावाला बसायला शिकवायचं आणि आपल्यालाच बसता येत नाही म्हणायचं? तेही लेकीपुढे? त्यापेक्षा कुलूप बरं.

लेकीने तिचा हिशेब मांडला. आधी तिला वाटलं, बापाला दम लागतो. दुसऱ्या रविवारनंतर वाटलं, बापाला आपल्याबरोबर यायचाच कंटाळा आहे. तिसऱ्या रविवारी तिने बोलावलंच नाही. नुसती म्हणाली, "राहू दे बाबा. शेवटच्या रविवारी मी एकटीच जाऊन येईन." आणि सायकलच्या साखळीला तेल घालत बसली. त्या रात्री मास्तरांना जेवण गेलं नाही. आधीच्या दोन रविवारी निदान उभ्याने तरी गेलं होतं.

हे उभ्याने जेवण बायकोने हेरून ठेवलं होतं. "अहो, सायकलला जाऊन आलात की दोन दिवस ओट्यापाशी उभे राहून जेवता. घरात सहा खुर्च्या आहेत. सहाही तुम्हीच शिवल्यात."

"सवय आहे उभ्याची."

"उभ्याने घोडा जेवतो. त्याच्यावर बसणारा बसून जेवतो. खरं सांगा, कुठं दुखतंय?"

मास्तर छताकडे बघू लागले. बायको शहाणी, पुढे विचारलं नाही. नुसतं म्हणाली, "चौकातल्या खेळाच्या दुकानात सायकलवाल्यांच्या चड्ड्या मिळतात. खाली गादी लावलेली असते म्हणे. लेकीबरोबर रविवारी जायचंच असेल, तर जा आणि एक घेऊन या."

गादी म्हटल्यावर मास्तरांचे कान टवकारले.

दुकानातल्या ताई सायकल चालवणाऱ्याच होत्या, पोटऱ्यांवरून कळत होतं. त्यांनी काचेच्या टेबलावर तीन चड्ड्या उलट्या करून मांडल्या. आत बुडाच्या जागी पोळीएवढी जाड पट्टी.

"हीच का गादी?" मास्तर म्हणाले.

"हीच. जाडीवर जाऊ नका काका, घट्टपणा बघा. मऊ, फुगीर असली की तासाभरात चपटी होते आणि घाम पिऊन बसते. ही आतली अंगाला चिकटून बसली पाहिजे, कुठे चुणी नको. हिच्यावरून ही सैल हाफपँट घालायची. आणि उभं राहून बघू नका. सायकलवर बसल्यासारखं वाकून बघा."

मास्तरांनी ऐकून घेतलं. मग पट्टी बाजूच्या लाकडी स्टुलावर पसरली, एक गुडघा टेकवला आणि अंगाचा भार टाकला. एक म्हणेपर्यंतच गुडघ्याला लाकूड लागलं. पाचपर्यंत मोजायची वेळच आली नाही.

"नापास," मास्तर म्हणाले.

"काका, हिच्यावर गुडघे टेकायचे नसतात."

"ताई, मी या धंद्यात सत्तावीस वर्षं आहे. इतक्या पातळ गादीवर मी पाहुण्यालासुद्धा बसवत नाही. आणि हिला पायपिंग कुठंय? कडा नुसती चिकटवून सोडलीय."

"शिवण टोचू नये म्हणूनच तसं आहे. आणि एक, आत काही घालायचं नाही."

"आत म्हणजे?"

"आतली चड्डी. घालायची नाही. तिच्या शिवणी घासतात."

मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं. शेजारी एक बाई मुलासाठी फुटबॉल निवडत होती. "येतो," म्हणून मास्तर जे निघाले, ते थेट स्वतःच्या दुकानात येऊन टेकले. टेकले म्हणजे, उभे राहिले.

तीन दिवस बँकेच्या खुर्च्या बाजूला पडल्या. मास्तरांनी स्वतःची एक घट्ट विजार गुडघ्यावर कापली. फोमचा चुरा दाबून करतात त्या टणक फोमचा एक बोटभर थर खाली घातला, तो धंद्याचा पाया. त्यावर दोन बोटं मऊ फोम. त्यावर सुती कापड. आणि कडेने, मांडीच्या आतल्या बाजूने, पुढून मागे, लालभडक पायपिंग. असली सरळ पायपिंग की दोरी लावून बघावी.

शेजारचा सुतार त्यांचा जुना दोस्त. सोफ्याचे सांगाडे तोच करतो. त्याने एक सायकलची सीट शिकंज्यात पकडून दिली. मास्तर गादीवाली चड्डी घालून तिच्यावर चढले.

"कसं वाटतंय?"

"दिवाणखान्यात बसल्यासारखं."

"दिसतंय पण दिवाणखानाच घालून निघाल्यासारखं," सुतार म्हणाला. "मास्तर, जरा चालून दाखवा."

मास्तर चालले. दोन्ही पाय दोन वाटांनी जात होते.

"सायकल चालवायची आहे, चालायचं नाहीये," मास्तर म्हणाले, आणि आडोशाला जाऊन चड्डी काढली, तिच्यावर गुडघा टेकवून पाच मोजले. पास.

शनिवारी त्यांनी लेकीला सांगितलं, "उद्या मी येणार." लेक म्हणाली, "बघा हं बाबा. कुलूप आजच लावून ठेवा."

रविवारी सकाळी निघाले. आत नेहमीची चड्डी, कारण माणसाला काही लाज असते. तिच्यावर गादीवाली. तिच्यावर ढगळ हाफपँट, ती मागून अशी फुगलेली की बायकोला दारातून आत जाऊन हसावं लागलं. पहिली वीस मिनिटं मास्तर राजासारखे बसले होते. दोन वेळा शिट्टीसुद्धा मारली.

मग चढ लागला. मऊ फोमने घाम प्यायला सुरुवात केली आणि ओल्या पावासारखा तो बसत गेला. फोम बसला तशी पायपिंग वर आली. पॅडल मारलं की दोरी मांडीला उजवीकडून कापायची, दुसरं मारलं की डावीकडून. आतल्या चड्डीची शिवणही मधे आपलं काम करत होती. सत्तावीस वर्षांत ज्या किनारीचा अभिमान बाळगला, ती मालकालाच करवतीसारखी चिरत होती. सोफ्यावर माणूस पाय हलवत नाही, हे मास्तरांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

वाकड्या झाडापाशी ते उतरले. उतरले म्हणजे सायकल आडवी करून तिच्यातून बाहेर आले.

लेकही थांबली. बाटलीतलं पाणी प्यायली. बापाकडे न बघता म्हणाली, "बोला. आज काय राहिलं?"

मास्तरांच्या जिभेवर होतं. शिलाई मशिनचं बटण चालू राहिलंय. अगदी ओठांपर्यंत आलं होतं.

"जा तुम्ही," लेक म्हणाली. "मी वर जाऊन येते. मंगळवारी गाडी आहे माझी. पुन्हा काही म्हणणार नाही मी तुम्हाला." आणि तिने पाय पॅडलवर ठेवला.

"दुखतंय गं," मास्तर म्हणाले.

ती थबकली. "छातीत?"

"नाही."

"मग कुठं? बाबा, नीट सांगा, घाबरवू नका."

"जिथं बसतात तिथं."

लेकीने त्यांच्याकडे बघितलं. हाफपँटच्या फुगवट्याकडे बघितलं. मग ती जी हसायला लागली, ती सायकलसकट कलंडून गवतात बसली. "सोफामास्तर! अहो सोफामास्तर, तुम्ही? दोन आठवडे मी समजतेय तुम्हाला माझा कंटाळा आला. डॉक्टरचा नंबरसुद्धा काढून ठेवला होता मी, तुमच्या छातीसाठी!"

"तुझा कसला कंटाळा? मी काय लहान पोरगा आहे, बूड दुखतंय म्हणून सांगायला?"

"आत काय घातलंय तरी काय?"

मास्तरांनी सांगितलं. थरांसकट सांगितलं. पायपिंगचा रंगही सांगितला.

"आणि त्याच्या आत?"

मास्तर हाफपँट खाली ओढू लागले.

"बाबा! काही घालायचं नसतं आत!"

"दुकानातली बाई पण तेच म्हणत होती. मला वाटलं चावट आहे."

वर टॉवर दिसत होता. अजून सहा किलोमीटर. मास्तरांनी एकदा टॉवरकडे बघितलं, एकदा खाली गावाकडे. मग खिशात हात घातला. उसवायचं पातं त्यांच्या खिशात कायम असतं, लग्नातसुद्धा होतं. "तिकडे तोंड कर," म्हणून ते झाडामागे गेले.

झाडामागून आधी टर्रकन आवाज आला. मग लाल पायपिंगची वेटोळी येऊन गवतात पडली. मागोमाग मऊ फोमचा थर, पिळून काढलेला. मग बराच वेळ काही नाही.

"बाबा?"

"आलो. तुझी सॅक उघड जरा. तोंड तिकडेच असू दे."

लेकीने डोळे मिटून सॅक पुढे केली. नेहमीची चड्डी तिच्यात गेली आणि चेन बंद झाली.

मास्तर बाहेर आले ते एकदम सडपातळ झालेले. चड्डीत आता नुसता खालचा टणक थर राहिला होता, बोटभर. त्यांनी सवयीने तो दगडावर टेकवून गुडघ्याने बघायचा विचार केला, पण तो आता अंगावर होता. बसून बघितलं. दहा पॅडल मारली. वळून परत आले.

"काय?" लेकीने विचारलं.

"बाईची पोळी बरोबर होती," मास्तर म्हणाले. "चल."

वर पोचायला दीड तास लागला. दुखलं नाही असं नाही. दोनदा उतरून सायकल ढकलली, एकदा मास्तरांनी झाडाला धरून अशी काही तोंडं केली की लेकीने फोटो काढला. पण कुलूप कुणालाच आठवलं नाही. टॉवरच्या पायथ्याशी लेक खाली बसली, ती पिळून आणलेल्या मऊ फोमवर. "फर्स्टक्लास आहे बाबा. बसा ना."

"नको. उभ्यानेच दिसतंय चांगलं." मास्तर डोळ्यांवर हात धरून खाली बघत होते. पत्र्यावर वाळत घातलेल्या गाद्यांवरून त्यांनी दुकान ओळखलं. लेक म्हणाली, ते दुकान नव्हे, ती पाण्याची टाकी. दोघांचा त्यावर बराच वाद झाला. अजून मिटलेला नाही.

मंगळवारी लेक गेली. बुधवारी मास्तर खेळाच्या दुकानात हजर झाले. तिथे स्टँडला लावलेली सायकल होती. तिच्यावर वाकून ते तब्बल अर्धा तास बसले. तिन्ही चड्ड्या घालून बघितल्या, चुणी कुठे पडते ते आरशात बघितलं, कडा बोटाने चाचपली. जी सगळ्यात पातळ होती तीच घेतली.

"आणि काका, आत—" ताईंनी सुरुवात केली.

"काही नाही!" मास्तर एवढ्या खणखणीत आवाजात म्हणाले, की दुकानातली चार गिऱ्हाइकं वळली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. नवी खोली कशी आहे, नळाला पाणी किती वाजता येतं, हे सांगून झाल्यावर ती म्हणाली, "इथेही एक डोंगर आहे बाबा. पुढच्या महिन्यात याल का? पण आधी खरं सांगा, आत्ता उभे आहात की बसलेले?"

"बसलोय. आईला विचार."

बायकोने फोन घेतला. "बसलेत गं. पण खुर्चीवर एक उशी घेऊन. आणि तिला पायपिंग आहे."