साठ अंशांची घडी

शाळेत त्यांना सगळे कात्रीबाई म्हणत, आधी पाठीमागे आणि आता आता तर तोंडावरही. पाचवीला गणित शिकवणाऱ्या बाईंच्या पर्समधून खडूच्या आधी कात्री निघत असेल, तर लोक दुसरं काय म्हणणार? कागदाची बर्फाची फुलं कापून त्या मुलांना अपूर्णांक आणि कोन शिकवत. घरी अंथरुणात, चपलांत, चष्म्याच्या डबीत कागदाचे कपटे सापडत. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. उघड्या घड्याळावर कपटा पडला की तो म्हणे, "आपल्या घरात बारा महिने बर्फ पडतो, तुझं डोकं मात्र एक दिवस थंड होत नाही."

थंड व्हावं असं काही घडतही नव्हतं. बाईंचे वडील शिंपी होते. लहानपणी बाईंना अपूर्णांक काही केल्या कळेनात, तेव्हा वडिलांनी कापडाचा एक तुकडा तीन सारख्या भागांत दुमडून पुढ्यात टाकला आणि म्हणाले, "हा एक तृतीयांश. आणि लक्षात ठेव, घडी चुकली तर कात्रीला बोल लावायचा नाही." ते डोक्यात शिरलं ते कायमचं. बावीस वर्षं बाई तेच मुलांच्या हाती देऊ पाहत होत्या. कागद मधोमध दुमडायचा, मग दुमडलेल्या कडेच्या मध्यापासून तीन सारखे भाग करायचे, प्रत्येकी साठ अंशांचे, मग एक शेवटची अर्धी घडी आणि कात्री. उलगडलं की सहा पाकळ्या. खऱ्या बर्फाच्या फुलालाही सहाच असतात. अर्धं करणं कुणालाही जमतं, तीन सारखे भाग करताना मात्र नाकी नऊ येतात. एक भाग गलेलठ्ठ होतो, दुसरा उपाशी राहतो. मूल उलगडतं, सरकवतं, पुन्हा दुमडतं. बाईंच्या मते सगळं गणित त्या सरकवण्यात होतं. मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या मते तो नुसता पसारा होता.

या वर्षी तपासणीचे साहेब बाईंचाच तास बघणार होते. त्यांना पटलं तर कात्री गणिताच्या तासाला राहणार, नाही पटलं तर छापील पुस्तिका येणार आणि गाळलेल्या जागा भरा. आठवडाभर बाईंनी मुलांकडून घड्या घालून घेतल्या. खिडकीजवळ बसणारी एक मुलगी होती, वर्षभर जिच्या तोंडून उत्तर म्हणून एक शब्द निघाला नव्हता. तिच्यावर तर बाई रोज चिडत. तिची घडी सगळ्यांत नेटकी असायची, पण विचारलं की मान खाली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं बाई शिक्षकांच्या खोलीत एकदा बोलूनही गेल्या होत्या.

आदल्या दिवशी मोठ्या बाई वर्गाच्या दारात आल्या. "मुलं फार कलकल करतात हो तुमच्या तासाला. साहेबांसमोर विचारल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही, एवढं बजावून ठेवा." बाईंनी बजावलं. दोनदा बजावलं, बोट नाचवून.

दुसऱ्या दिवशी साहेब मागच्या बाकावर बसले, मोठ्या बाई शेजारी. बाईंनी टेबलावरचा कागदांचा गठ्ठा उघडला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. कागद आधीच दुमडलेले होते. वेळ जायला नको, पसारा नको, म्हणून मोठ्या बाईंनी काल शिपाईमामांकडून सगळे दुमडून घेतले होते. मामांनी आपल्याला जमेल तसं केलं होतं: अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं आणि पुन्हा अर्धं. तीन भाग कुठेच नव्हते. ज्या घडीसाठी हा सगळा खटाटोप, तीच कुणीतरी बाजूला काढून ठेवली होती. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोठ्या बाई तिकडून हसून मान डोलावत होत्या, आता कशी सोय केली अशा थाटात.

बोलावं का? साहेबांसमोर मोठ्या बाईंचं तोंड पडलं तर पुढचं वर्षभर कोण भोगणार? बाईंनी मूग गिळले. कागद वाटले, कसाबसा धडा म्हटला, कात्र्या चालल्या, फुलं उलगडली. प्रत्येकाला आठ पाकळ्या. फळ्यावर बाईंच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: सहा पाकळ्या, एकीला साठ अंश. बत्तीस मुलं हातातल्या फुलाकडे आणि फळ्याकडे आळीपाळीने बघत गप्प बसून राहिली. साहेबांनी एक फूल उजेडात धरलं. पाकळ्या मात्र मोजल्या नाहीत.

"सुरेख," ते उठता उठता म्हणाले. "आणि वर्गाला शिस्त किती छान आहे. ही हस्तकला शनिवारच्या शेवटच्या तासाला घ्या. गणितासाठी पुस्तिका पाठवतो."

मोठ्या बाई त्यांना पोचवायला गेल्या. बावीस वर्षांचं काम शनिवारच्या शेवटच्या तासात जाऊन पडलं. बाई कपटे गोळा करायला वाकल्या, कारण उभं राहून करायचं तरी काय, ते त्यांना कळेना. तेवढ्यात खिडकीजवळची मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिने आपलं फूल पुढे केलं. आठही पाकळ्यांवर पेन्सिलीने बारीक आकडा होता, पंचेचाळीस. मधोमध लिहिलं होतं, पंचेचाळीस आठे तीनशे साठ.

"बाई, फळ्यावरचं चुकलंय," ती हळूच म्हणाली. "तीन भागांची घडीच नव्हती घातलेली, म्हणून आठ आल्या. मला लगेच कळलं."

बाईंनी फूल हातात घेतलं. वर्षभर ज्या उत्तरासाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं ते हेच होतं. खिडकीतून खाली बघितलं, तर साहेबांची गाडी फाटकाबाहेर वळत होती.

"अगं, मग साहेब होते तेव्हा का नाही बोललीस?"

मुलीने नवलाने वर बघितलं. "तुम्हीच सांगितलं होतंत ना बाई, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही म्हणून. मला कुणी विचारलंच नाही."

"हो," बाई म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं."